दुसरा जेट

सौदीतल्या बुरैदा शहराच्या एका टोकाला गॅरेजांची वस्ती आहे. तिला सगळे सनाइया म्हणतात. तिथे वहाब परकारला नावाने ओळखणारे थोडेच. पण 'कार्बुरेटरवाला हिंदी' असं विचारलं, की रस्त्यावरचा पंक्चरवालासुद्धा हाताने दिशा दाखवायचा.

वहाब मूळचा हर्णैचा. बंदरातल्या लाँचींची डिझेल इंजिनं खोलता खोलता मिसरूड फुटलं आणि बाविसाव्या वर्षी तो सौदीत आला. कार्बुरेटर तो इथे शिकला, एका म्हाताऱ्या सीरियन उस्तादाच्या हाताखाली. त्या काळात रस्त्यावर लांबरुंद अमेरिकन गाड्या धावायच्या. आठ सिलिंडरचं अवाढव्य इंजिन, त्याच्या डोक्यावर चार तोंडांचा कार्बुरेटर. उस्ताद नुसता आवाज ऐकून सांगायचा की कुठल्या तोंडातून पेट्रोल जादा जातंय. पाचेक वर्षांत वहाबलाही ते साधलं.

मग कॉम्प्युटरवर चालणाऱ्या गाड्या आल्या आणि कार्बुरेटर भंगारात गेला. दहा-बारा वर्षं वहाबने ऑइल बदलणं, ब्रेक घासणं अशी हलकी कामं केली. नव्या मेकॅनिकांच्या हातात लॅपटॉप असायचा आणि वहाब त्यांच्यासाठी चाकं खोलून द्यायचा. तो कुणाला काही बोलला नाही, पण आतून कमी कमी होत गेला. आणि अचानक जुन्या गाड्यांची हौस परत आली. श्रीमंत घरांतले लोक आजोबांच्या, वडिलांच्या गाड्या शेडमधून बाहेर काढू लागले. त्या चालू करणार कोण? सगळ्या सनाइयात कार्बुरेटर कळणारा हात एकच उरला होता. पंचेचाळिशी उलटलेल्या वहाबला लोक 'मुहंदिस' म्हणजे इंजिनीयर म्हणायला लागले. पहिल्यांदा ती हाक ऐकली त्या दिवशी त्याने हर्णैला फोन करून कुबराला, आपल्या बायकोला, सांगितलं होतं.

त्याच गॅरेजात अशोक साळवी इलेक्ट्रिशियन होता. गुहागर तालुक्यातला, वहाबपेक्षा दहा वर्षांनी लहान. दोघांच्या गावांच्या मध्ये काय ती दाभोळची खाडी. दोघं सात वर्षं एका खोलीत राहिले. शुक्रवारी अशोक कुळथाची पिठी करायचा, वहाब गावाहून आलेले सुके बोंबील भाजायचा. अशोक बोलायला कमी आणि कामाला अतिशय नेटका. गाडीत ओढलेल्या प्रत्येक वायरीला तो पांढऱ्या टेपचा तुकडा चिकटवायचा आणि त्यावर मराठीत लिहायचा, 'पंखा', 'हॉर्न', 'पंप'. गॅरेजात ते वाचता येणारा दुसरा माणूस एकटा वहाब. वायर जोडून झाली की अशोक ती दोनदा ओढून बघायचा. एकदा जोडल्याबरोबर आणि एकदा गाडी बाहेर जाताना.

दोन हजार अठराच्या फेब्रुवारीत मिशारी आपली गाडी घेऊन आला. खजुराच्या बाजारात त्याचा मोठा व्यापार आणि गॅरेजचा मालक अबू नासिर याचा तो चुलतभाऊ. गाडी त्याच्या वडिलांची, सत्तरच्या दशकातली, साडेसात लिटरच्या इंजिनाची. मिशारीला ती शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायची होती आणि त्यासाठी नायट्रस बसवून हवा होता.

नायट्रसचं गणित वहाबला ठाऊक होतं. डिकीत वायूची बाटली ठेवायची. तिथून नळी इंजिनापर्यंत आणायची. कार्बुरेटरच्या खाली एक जाड प्लेट बसवायची आणि त्या प्लेटमधून एका बाजूने वायू, दुसऱ्या बाजूने जादा पेट्रोल फवारायचं. वायूमुळे इंजिनाला प्राणवायू भरपूर मिळतो आणि गाडी उसळी मारते. पण प्राणवायू वाढला की पेट्रोलही त्याच मापात वाढायला हवं. ते कमी पडलं तर आतली आग इतकी तापते की पिस्टन मेणासारखा वितळतो. हे माप सांभाळतात दोन जेट, म्हणजे पितळेचे मिरीएवढे दोन तुकडे, मध्ये भोक असलेले. एक वायूच्या नळीत, एक पेट्रोलच्या. बदलायचे तर दोन्ही बदलायचे. शिवाय दोन्ही नळ्यांवर विजेने उघडणारे व्हॉल्व्ह असतात. त्यांची वायरिंग अशोकची, बाकी सगळं वहाबचं.

पहिल्या वेळी वहाबने लहान जेट लावले. गाडी सुरेख पळाली. मिशारी इतका खूश झाला की दर आठवड्याला गॅरेजात चक्कर मारू लागला. एप्रिलमध्ये त्याने ताकद वाढवून मागितली. वहाबने मोठे जेट मागवले.

ते बसवायचे त्या दिवशी मिशारीबरोबर त्याच्या जुन्या गाड्यांच्या क्लबची सात-आठ माणसं आली होती. सगळ्यांच्या हातात मोबाइल. मुहंदिस काम करतोय, त्याचा व्हिडिओ काढत होते. वहाबने वायूच्या नळीचा नट सोडला, जुना जेट काढला, नवा बसवला, नट आवळला. मग कुणीतरी त्याला विचारलं की पूर्वी कॉम्प्युटर नसताना इंजिन कसं जुळवायचे. वहाबला उस्तादाची आठवण आली. तो पाना हातात धरून सांगायला लागला. कानाने कसं ऐकायचं, प्लगचा रंग कसा वाचायचा. माणसं मान डोलावत होती, मोबाइल त्याच्या तोंडासमोर धरले होते. गोष्ट संपली तेव्हा सगळे हसले, कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. वहाबने कापडाने हात पुसले, वर कार्बुरेटर नीट बसलाय का ते पाहिलं आणि बॉनेट लावून टाकलं.

पेट्रोलचा जेट बदलायचा राहून गेला होता.

अशोकने गाडी बाहेर जाताना सवयीप्रमाणे आपल्या वायरी ओढून पाहिल्या. वहाब समोरच उभा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर गाडी ट्रॅकवर पेटली. निम्म्या अंतरावर इंजिन फुटलं, बॉनेट उडून काचेवर आदळलं आणि कार्बुरेटरमधून ज्वाळा वर आली. मिशारी दार उघडून बाहेर पडला, पण आग विझवायला धावला आणि त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. हॉस्पिटलमध्ये त्याला तीन आठवडे राहावं लागलं.

पुढल्या सकाळी टो ट्रकने गाडी गॅरेजात आणून टाकली. अबू नासिरने सांगितलं की कारण शोधून काढा, घरच्यांना उत्तर द्यायचंय. जेवणाच्या सुट्टीत सगळे गेले तेव्हा वहाब एकटा मागे थांबला. त्याला अजून काही माहीत नव्हतं. त्याने पेट्रोलच्या नळीचा नट सोडला, जेट हातावर घेतला, काजळी पुसली आणि वरचा नंबर वाचला. जुना जेट. मग तो आपल्या अवजारांच्या पेटीकडे गेला. वरच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पुडीत, नवा जेट जसाच्या तसा पडला होता.

वहाबने पुडी हातात घेतली. डोक्यात एकामागून एक येत गेलं. पोलीस. माणूस भाजलाय, म्हणजे केस होणार. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, जाईल. मुलगी इफरा बारावीला आहे, तिला फार्मसीला जायचंय. आणि ह्या सगळ्यांच्या खाली आणखी एक गोष्ट होती, ती कबूल करायला त्याला फार वर्षं लागली. उद्यापासून त्याला कुणी मुहंदिस म्हणणार नव्हतं.

त्याने नवा जेट पुडीतून काढला. कोरं पितळ चकाकत होतं. नळीवरची काजळी बोटाने घेऊन त्याने त्यावर चोळली आणि जुन्याच्या जागी बसवून नट आवळला. जुना जेट मागच्या गटारात टाकला.

जेवून माणसं परत आली. सगळ्यांसमोर प्लेट खोलली गेली. दोन्ही जेट बरोबर मापाचे निघाले. मग अबू नासिरच्या लक्षात आलं की पेट्रोलच्या व्हॉल्व्हची वायर जळून सुटलेली आहे. आगीत सगळ्याच वायरी जळल्या होत्या, पण तीच एक टोकापासून वेगळी झाली होती. त्याने वहाबला विचारलं, ही वायर आधीच सुटली असेल तर पेट्रोलचा व्हॉल्व्ह उघडणार नाही, बरोबर? वहाब म्हणाला, बरोबर. मग आग लागेल? वहाब म्हणाला, लागू शकते. त्याने एकही शब्द खोटा उच्चारला नाही. अशोक दोन हात अंतरावर उभा होता आणि त्या सुटलेल्या टोकाकडे बघत होता.

अशोकने आपली बाजू फारशी मांडली नाही. वायर ओढून बघितली होती, एवढंच तो म्हणत राहिला. अबू नासिर तसा वाईट माणूस नव्हता. त्याने पोलिसांत काही नेलं नाही. अशोककडून अरबीत एक कागद लिहून घेतला की वायरिंगची चूक माझी आहे, आणि त्याला एक्झिट देऊन टाकली, म्हणजे कायमचा परत. अशोकने सही केली तेव्हा वहाब शेजारीच उभा होता. कागदावर काय लिहिलंय हे त्यानेच अशोकला मराठीत समजावून सांगितलं होतं.

विमानतळावर अशोकला सोडायलाही वहाबच गेला. बॅगा ट्रॉलीवर चढवल्यावर अशोक थांबला.

"वहाबभाई, ती वायर मी दोन वेळा ओढून बघितली होती. तुम्ही समोर होता. मग सुटली कशी?"

"आगीत कायपण होतं," वहाब म्हणाला. "जास्त विचार करू नको."

"नाही, पण सुटली असणारच. माणसाचा हात भाजला म्हणजे सुटलीच असणार." एवढं बोलून तो आत गेला.

वहाब खोलीवर आला. अशोकच्या पलंगावर थोड्याच दिवसांत दुसरा माणूस आला. वहाबने त्याच्याशी ओळख वाढवली नाही. काम सुरूच होतं, गाड्या येत होत्या, लोक त्याच्याभोवती तसेच जमत होते. फक्त तो आता कामाच्या वेळी कुणाशी बोलत नसे. लोकांना वाटायचं, मुहंदिसला भाव चढला.

दोन हजार वीसच्या जानेवारीत तो सुट्टीवर गेला आणि मनाचा हिय्या करून दाभोळला फेरीबोटीत बसला. खाडी ओलांडून, दोन एसट्या बदलून अशोकच्या गावी पोचला. सांगूनच टाकायचं असं त्याने वाटभर घोकलं होतं. अशोक घरी नव्हता. आंब्याच्या कॅनिंगच्या कारखान्यावर तो वॉचमन म्हणून बसायचा, यायला तासभर होता. अशोकच्या बायकोने, सरितावहिनींनी, चहा दिला. वहाबने विचारलं, वॉचमन कशाला? एवढा हात आहे त्याच्याकडे, गाव वायरिंगला बोलवेल.

सरिता पदराने हात पुसत म्हणाली, "घरातला बल्ब गेला तरी शेजारच्या वायरमनला हाक मारतात हो. म्हणतात, माझ्या हाताने एक माणूस भाजलाय, माझा माझ्यावर भरवसा नाही."

मग तिने त्याला आणखीही बरंच सांगितलं. सुरुवातीला गॅरेजवाले बोलवायला आले होते. अशोक गेलाही होता. एक वायर जोडायची आणि दहा वेळा ओढायची, मग सोडवायची, परत जोडायची. शेवटी त्यांनीच नको म्हटलं. "तुम्ही समजावा ना त्यांना," ती म्हणाली, "तुमचं ऐकतील. सारखं तुमचं नाव काढतात. वहाबभाई होते म्हणून पोलिसांपासून वाचलो म्हणतात."

अशोक आला. वहाबला बघून त्याचं तोंड इतकं उजळलं की वहाबने सांगणं जेवणानंतरवर ढकललं. दोघं जेवले. कुळथाची पिठी होती. अशोक बुरैद्यातल्या एकेकाची आठवण काढत होता, मिशारीचा हात आता कसा आहे ते विचारत होता. वहाब बरा आहे म्हणाला आणि शेवटच्या एसटीची वेळ झाली म्हणून उठला. फेरीबोटीत तो रेलिंगला धरून उभा राहिला आणि स्वतःला शिव्या घातल्या. पुढच्या सुट्टीत नक्की, असं ठरवलं. पुढे करोना आला, मग इफराचं लग्न आलं. कारणं मिळत गेली आणि वहाब ती घेत गेला.

दोन हजार पंचवीसमध्ये मिशारी परत आला. दाढी पांढरी झाली होती. उजव्या हाताची कातडी गुलाबी आणि ताणलेली, बोटं पुरती मिटत नव्हती. वडिलांची गाडी त्याने रियाधला पाठवून पुन्हा उभी केली होती. इंजिन त्याच जातीचं, कार्बुरेटर तसाच. सोबत खोक्यात नायट्रसचा नवा संच होता.

या वेळी वायरिंगसुद्धा तू कर, तो वहाबला म्हणाला. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नकोस. त्या माणसाने माझं काय केलं, बघतोस ना.

त्याने हात पुढे केला. वहाबने खोक्यातून काढलेली प्लेट परत आत ठेवली. मग अरबीत, शब्द शोधत, त्याने सगळं सांगितलं. व्हिडिओ, गोष्ट, पुडीतला जेट, काजळी. सांगताना त्याला वाटलं होतं की मिशारी ओरडेल, हात उगारेल. मिशारीने एवढंच विचारलं, "त्याला माहीत आहे?"

"नाही."

"मग मला आधी का सांगतोस?"

मिशारीने खोका उचलला, डाव्या हाताने गाडीत ठेवला आणि निघून गेला. तो पुन्हा आला नाही. तक्रारही केली नाही. अबू नासिरला वहाबने स्वतः जाऊन सांगितलं. म्हातारा आता गॅरेजात कमीच यायचा. खलास, तो म्हणाला, जुनी गोष्ट आहे, तू काम कर.

टायपिंगच्या दुकानात जाऊन वहाबने अरबी आणि इंग्रजीत कागद करून घेतला की ती चूक माझी होती, अशोक साळवीची नव्हती. खाली सही केली, अंगठाही उमटवला. महिन्याभरात तो सुट्टी काढून गावी गेला. या वेळी निघण्याआधी त्याने कुबराला सगळं सांगितलं. तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. सात वर्षं माझ्याशी फोनवर बोलत होतास, म्हणाली, आणि एकदाही तुझ्या तोंडून निघालं नाही. मग म्हणाली, जा आता, उशीर करू नकोस.

अशोकच्या पडवीत दुपारची वेळ होती. सरिता दारात उभी होती. वहाबने बसायच्या आधीच सांगायला घेतलं, कारण बसलो तर पुन्हा पिठी जेवून उठू अशी त्याला भीती होती. त्याने काहीही गाळलं नाही, मुलीचं शिक्षणही मध्ये आणलं नाही. बोलणं संपल्यावर त्याने कागद अशोकच्या हातात दिला. अशोकने तो बराच वेळ वाचला. इंग्रजी त्याला बेताचंच यायचं.

"मी सही केली त्या दिवशी," तो म्हणाला, "कागद मला तुम्हीच वाचून दाखवलात ना?"

"हो."

"तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं."

"होतं."

अशोकने कागदाची घडी घातली आणि ती पडवीच्या कठड्यावर, वहाबच्या बाजूला ठेवली. "अजून झोपेत मी ती वायर जोडतो, वहाबभाई," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "सरिता हलवून उठवते." मग तो उठून आत गेला.

वहाब तसाच उभा होता. सरिता त्याच्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही आता जा." तिने कागद उचलला, तो परत दिला नाही. फाडलाही नाही. हातात धरून ती आत गेली आणि दार लोटून घेतलं.

वहाब बुरैद्याला परतला. नायट्रसचं काम तो आता घेत नाही. गिऱ्हाइकांना सांगतो की वय झालं, मला जमत नाही. गणपतीत त्याने अशोकला शुभेच्छा पाठवल्या. संदेश वाचल्याची निळी खूण आली, उत्तर आलं नाही. दिवाळीलाही तसंच. पुढच्या वर्षी तो कायमचा घरी जाणार आहे. जावई म्हणतो, हर्णैत गॅरेज टाकू, तुमचं नाव आहे. वहाब ऐकून घेतो. कुबरा कधी फोनवर विचारते, काही आलं का रे तिकडून? नाही, तो म्हणतो. ती तशीच लाइनवर राहते.